अ‍ॅरेसारख्या कलेक्शनमधून एलिमेंट काढताना एक सोडून एक का उरतात?

शून्यापासून (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

जावास्क्रिप्टच्या एका प्रश्नावर जाणकारांचं मत हवं आहे. पानावर 'सूचना' या क्लासचे सहा डिव्ह आहेत. बटण दाबलं की सहाही जायला हवेत. गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने यादी घेतली, आय शून्यापासून लेंग्थपर्यंत साधा फॉर लूप लावला आणि आत प्रत्येकावर रिमूव्ह. कन्सोलमध्ये एकही एरर नाही. पण पानावर दुसरा, चौथा आणि सहावा डिव्ह तसाच. पुन्हा बटण दाबलं की त्या तिघांतला मधला उरतो, आणि तिसऱ्यांदा दाबलं की पान साफ.

यादीवर थेट स्प्लाइस (मधले घटक काढणारं फंक्शन) लावला तर 'स्प्लाइस हे फंक्शनच नाही' असा एरर. अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवरचा स्प्लाइस कॉलने, म्हणजे उसना घेऊन, लावला तर टाइपएरर. डिलीट वापरलं तर स्ट्रिक्ट मोडमध्ये (भाषेच्या कडक नियमांखाली) तोच टाइपएरर, आणि स्ट्रिक्ट नसेल तर नुसतं फॉल्स मिळतं, काढलं काहीच जात नाही.

चौकटी कंसात अंक दिला की एलिमेंट मिळतो, लेंग्थ आहे, फॉर-ऑफ चालतो. मग काढायच्या वेळीच ही वस्तू अ‍ॅरेसारखी का वागत नाही? उलटा लूप, व्हाइल लूप आणि अ‍ॅरे.फ्रॉम असे तीन उपाय सापडले आणि या उदाहरणात तिन्ही चालतात. मला टीमसाठी एकच नियम लिहायचा आहे. कोणता लिहू, आणि का?

सेमीकोलन:

गेटएलिमेंट्सबायक्लासनेम जे परत देतं त्याला एचटीएमएलकलेक्शन म्हणतात आणि ते लाइव्ह असतं. पानावर आत्ता या क्लासचे कोणकोण आहेत, याचं उत्तर ते दर वेळी नव्याने देतं.

सहा डिव्हना क, ख, ग, घ, च, छ म्हणू. आय शून्य असताना क गेला. त्याच क्षणी कलेक्शन ख, ग, घ, च, छ असं झालं, म्हणजे ख सरकून शून्याव्या जागी आला. आय मात्र एक झाला आणि त्या जागी आता ग बसलाय. ग गेला, उरले ख, घ, च, छ. आय दोन झाला, तिथे च, तोही गेला. उरले ख, घ, छ. लेंग्थ तीन, आय तीन, अट खोटी, लूप संपला. तुमचे दुसरा, चौथा, सहावा ते हेच.

फॉर-ऑफ लावून सुटका नाही, कारण त्याचा इटरेटरही आतून अंकच पुढे नेतो. लेंग्थ आधीच व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवली तर आय तीन असताना अनडिफाइन्ड हाती येतो आणि त्यावर रिमूव्ह केल्यावर टाइपएरर. त्यात निदान चूक लगेच समोर तरी येते.

स्प्लाइसचं म्हणाल तर तो मधला घटक काढल्यावर मागचे सगळे एकेक जागा पुढे लिहितो आणि शेवटी लेंग्थ कमी करतो. एचटीएमएलकलेक्शनच्या जागांवर बाहेरून लिहिता येत नाही आणि त्याची लेंग्थही फक्त वाचायची. म्हणून टाइपएरर. एखाद्या साध्या ऑब्जेक्टला ०, १, २ अशा कीज आणि लेंग्थ द्या, मग हाच स्प्लाइस कॉलने लावा, बिनतक्रार चालेल. म्हणजे स्प्लाइसला अ‍ॅरेच हवा असा हट्ट नाही, नकार कलेक्शनकडून येतो.

उलट_मोजणी:

उत्तम समजावलंत. नियम एकच हवा असेल तर उलटा लूप लिहा. लेंग्थ वजा एकपासून सुरू करून शून्यापर्यंत खाली या. शेवटचा काढला की त्याच्यामागे सरकायला कोणी उरतच नाही. लाइव्ह कलेक्शन असो, स्टॅटिक (पानासोबत न बदलणारी) नोडलिस्ट असो किंवा साधा अ‍ॅरे आणि स्प्लाइस असो, तिन्हीकडे हाच लूप. समोर काय आहे याचा विचार करत बसायला नको.

मुक्ता:

@उलट_मोजणी, चालतो हे मान्य, पण नियम म्हणून मला पटत नाही.

पहिलं कारण, वाचणाऱ्याला तो उलटा का आहे ते कळत नाही. कोणीतरी नंतर येऊन 'नीटनेटका' करायला म्हणून तो सरळ करतो, टेस्टमध्ये एकच एलिमेंट असतो, टेस्ट पास होते आणि बग परत हजर.

दुसरं जास्त महत्त्वाचं. उलटा लूप असं धरून चालतो की एका फेरीत फक्त तोच एक एलिमेंट जाणार. समजा हे कस्टम एलिमेंट (आपण स्वतः बनवलेले टॅग) आहेत आणि त्यांच्या डिसकनेक्टेडकॉलबॅकमध्ये (पानावरून जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आधीचे दोन जोडीदार काढायचा कोड आहे. आय पाच असताना शेवटचा काढला, त्याच्यासोबत तिसऱ्या आणि चौथ्या अंकावरचेही गेले. आता आय चार, पण कलेक्शनची लेंग्थ तीन. अनडिफाइन्ड मिळाला आणि लूप तिथेच कोसळला.

म्हणून माझं मत अ‍ॅरे.फ्रॉमला. आधी प्रत घ्या, मग प्रतीवर फॉरईच लावून प्रत्येकाला रिमूव्ह. वरच्या उदाहरणात जो आधीच गेलाय त्याच्यावर पुन्हा रिमूव्ह केलं तरी काही होत नाही, कारण पालक नसलेल्या नोडवर रिमूव्ह निमूट परत येतं. शिवाय क्रम सरळ राहतो. काढताना प्रत्येकाची नोंद कुठे पाठवायची असेल तर त्यालाही अर्थ असतो.

उलट_मोजणी:

कॉलबॅकचा मुद्दा चांगला आहे, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण मोठ्या टेबलमधल्या पाच हजार ओळी काढायच्या तर निव्वळ काढण्यासाठी पाच हजारांची प्रत करायची?

सेमीकोलन:

प्रत एलिमेंटची होत नाही, संदर्भांची होते. पाच हजार संदर्भांचा अ‍ॅरे ही ब्राउझरसाठी किरकोळ गोष्ट आहे. उलट लाइव्ह कलेक्शनच महाग पडू शकतं: पानात बदल झाला की ब्राउझरने आधी मोजून ठेवलेली लेंग्थ आणि जागा निकामी होतात आणि पुढच्या वेळी विचारलं की पुन्हा मोजाव्या लागतात. लूपमध्ये तुम्ही प्रत्येक फेरीत बदलही करता आणि विचारताही.

खरा वेळ खाणारा प्रकार वेगळाच असतो. प्रत्येक एलिमेंट काढल्यावर लगेच ऑफसेटहाइट किंवा तत्सम माप वाचलं तर ब्राउझरला दर फेरीत लेआउट नव्याने करावा लागतो. मापं आधी वाचून घ्या, काढाकाढी नंतर एका दमात करा.

जुना_ब्राउझर:

लाइव्ह प्रकार मुळात का आला त्याबद्दल थोडं. १९९८ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने डॉमची (स्क्रिप्टला दिसणाऱ्या पानाच्या रचनेची) पहिली पातळी प्रमाणित केली, त्यातच नोडलिस्ट आणि नेम्डनोडमॅप (अनुक्रमे नोडची आणि नावांनी शोधायच्या नोडची यादी) लाइव्ह असतील असं म्हटलेलं आहे. एकदा यादी घेतली की ती कायम ताजी राहील, ही कल्पना त्यामागे होती. पुढे क्वेरीसिलेक्टरऑल (सीएसएस सिलेक्टरला जुळणारे सगळे एलिमेंट देणारं) आलं तेव्हा मात्र जाणीवपूर्वक स्टॅटिक नोडलिस्ट ठेवली. नुसता टॅग किंवा क्लास जुळवत राहणं सोपं असतं, पण कुठलाही सीएसएस सिलेक्टर पानातल्या प्रत्येक बदलानंतर ताजा ठेवायचा म्हणजे फार खर्चिक काम.

आजच्या डॉम स्टँडर्डमध्ये एचटीएमएलकलेक्शनबद्दल स्पष्ट लिहिलंय की हा इतिहासाचा अवशेष आहे आणि वेबवरून तो काढून टाकता येत नाही. नव्या सोयी लिहिणाऱ्यांनी तो वापरू नये असंही त्यात सुचवलंय. नोडलिस्टला फॉरईच आहे, एचटीएमएलकलेक्शनला मात्र नाही.

गंमत म्हणजे नोडलिस्ट हे नाव दिसलं म्हणून ती स्टॅटिकच असेल असंही नाही. क्वेरीसिलेक्टरऑलची स्टॅटिक, पण चाइल्डनोड्स आणि गेटएलिमेंट्सबायनेम यांची नोडलिस्ट लाइव्ह. नावावरून अंदाज बांधू नका, कुठून आली ते बघा.

पाऊलखुणा:

मग सगळीकडे क्वेरीसिलेक्टरऑल वापरा, विषय संपला. फॉरईच आहे, स्टॅटिक आहे, प्रतही नको.

कडेलोट:

@पाऊलखुणा, बहुतेक वेळा बरोबर, पण धागाकर्त्यांनी सांगितलेला व्हाइलचा उपाय त्याला जोडू नका. 'लेंग्थ शून्यापेक्षा मोठी आहे तोवर पहिला काढ' हे लाइव्ह कलेक्शनवर छान चालतं, कारण काढला की लेंग्थ घटते. स्टॅटिक यादीची लेंग्थ कधीच घटत नाही. पहिल्या फेरीत पहिला गेला. दुसऱ्या फेरीत त्याच गेलेल्यावर पुन्हा रिमूव्ह, जे मुकाट परत येतं. तिसऱ्या फेरीत पुन्हा तेच. टॅब कायमचा अडकला. त्याऐवजी पॅरेंटनोडवरून रिमूव्हचाइल्ड लिहिलं असेल तर दुसऱ्याच फेरीत पॅरेंटनोड नल मिळतो आणि एरर येऊन सुटका होते.

म्हणजे गेटएलिमेंट्सबायक्लासनेमच्या जागी क्वेरीसिलेक्टरऑल असा साधा शोधा-आणि-बदला केला, बाकी ओळी तशाच ठेवल्या, तर चालू असलेला कोड पान गोठवणारा होऊ शकतो. हे रिव्ह्यूमध्ये मी नेहमी बघते.

मोकळी_जागा:

चाइल्डनोड्सचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा सांगतो, कारण तो समजून घेताना आमच्या टीमने बराच वेळ घालवला. एका सहकाऱ्याच्या मशीनवर 'यादी रिकामी करा' दाबलं की काहीच होत नव्हतं. सर्व्हरवर तेच बटण दाबलं की काही ओळी जात, काही राहत. दोन वेगळे बग म्हणून दोन तिकिटं उघडली गेली. कोड मात्र एकच: यूएलच्या (यादीच्या टॅगच्या) चाइल्डनोड्सवर सरळ लूप आणि आत रिमूव्ह.

फरक फाइलमधल्या मोकळ्या जागेचा निघाला. मशीनवरच्या एचटीएमएलमध्ये प्रत्येक एलआय (यादीतली एक नोंद) नव्या ओळीवर होता. नवी ओळ आणि तिच्या पुढची मोकळी जागा मिळून एक टेक्स्ट नोड होतो, आणि चाइल्डनोड्समध्ये तोही मोजला जातो. तीन एलआय असतील तर क्रम असा: टेक्स्ट, एलआय, टेक्स्ट, एलआय, टेक्स्ट, एलआय, टेक्स्ट. आता सेमीकोलन यांनी केलं तसं कागदावर चालवून बघा. शून्यावरचा टेक्स्ट गेला, पहिला एलआय शून्यावर सरकला. एकावर पुन्हा टेक्स्ट, तोही गेला. दोनवर टेक्स्ट, तीनवर टेक्स्ट. चारही टेक्स्ट नोड निघून गेले आणि तिन्ही एलआय जागच्या जागी. लूपने चार नोड काढले होते, डोळ्यांना मात्र काहीच दिसलं नाही.

सर्व्हरवर जाताना एचटीएमएल मिनिफाय होत होतं, म्हणजे आकुंचित केलं जात होतं. मोकळी जागा गेली, उरले नुसते तीन एलआय, त्यातला पहिला आणि तिसरा जायचा, दुसरा राहायचा. आम्ही शेवटी चिल्ड्रन (फक्त एलिमेंट मोजणारी यादी) किंवा प्रत असं काहीच न वापरता यूएलवर रिप्लेसचिल्ड्रन (आतलं सगळं बदलून टाकणारं फंक्शन) कंसात काही न देता लावलं. सगळंच काढायचं असेल तर लूप कशाला?

मुक्ता:

@मोकळी_जागा, हा किस्सा वाचनखूण करून ठेवण्यासारखा आहे. आणि शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. रिप्लेसचिल्ड्रन २०२० मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत आलं, आता ते न वापरण्याचं कारण नाही.

काहींना ठेवायचं असलं तरी त्यालाच 'ठेवायचे एवढेच' अशी यादी देता येते. पण ते करताना जपून: ठेवलेले एलिमेंटही एकदा निघून पुन्हा बसवले जातात. आत आयफ्रेम असेल तर ती नव्याने लोड होते, कोणी इनपुटमध्ये टाइप करत असेल तर फोकस जातो. थोडेच काढायचे असतील तर तेवढ्यांनाच काढलेलं बरं.

इटरेटर:

मी मुख्यतः जावामध्ये काम करते. तिथे अ‍ॅरेलिस्टवर फॉर-ईच चालू असताना लिस्टमधून काही काढलं की सहसा कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येतं. पायथनमध्ये डिक्शनरीवर फिरताना तिचा आकार बदलला की रनटाइमएरर, लिस्टवर मात्र इथल्यासारखंच गुपचूप वगळलं जातं. जावास्क्रिप्टमध्ये असा इशारा देणारं काहीच नाही का?

सेमीकोलन:

नाही. पण सगळं काही असुरक्षितही नाही. सेट आणि मॅपवर फिरता फिरता डिलीट करणं भाषेच्या प्रमाणातच नीट ठरवलेलं आहे. काढलेली नोंद फक्त रिकामी अशी खूण केली जाते, बाकीच्या सरकत नाहीत, त्यामुळे एकही सुटत नाही. अडचण तिथेच, जिथे क्रमांक हीच ओळख असते आणि काढल्यावर क्रमांक बदलतात. साध्या अ‍ॅरेवर फॉरईच चालवून आत स्प्लाइस केलं तरी हेच होतं, म्हणून तिथे फिल्टर.

यूआरएलसर्चपॅरम्स (यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हापुढच्या की आणि किमती) दिसायला मॅपसारखं आहे पण आतून यादी आहे. त्याच्या कीजवर फिरत डिलीट केलं की शेजारची की सुटते. तिथेही आधी प्रत.

पहारा:

या धाग्यात एक गोष्ट अजून आली नाही आणि ती सगळ्यात गंभीर आहे. वापरकर्त्याने दिलेलं एचटीएमएल स्वच्छ करायला अनेक जण स्वतःचा छोटा सॅनिटायझर लिहितात. एलिमेंटच्या अ‍ॅट्रिब्यूट्सवर लूप, नाव 'ऑन'ने सुरू होत असेल (म्हणजे त्यात चालणारा कोड, हँडलर असेल) तर रिमूव्हअ‍ॅट्रिब्यूट. अ‍ॅट्रिब्यूट्स म्हणजे नेम्डनोडमॅप, आणि जुना_ब्राउझर यांनी सांगितलं तसं ते लाइव्ह.

एका इमेज टॅगवर एसआरसी, ऑनएरर, ऑनलोड अशा क्रमाने तीन अ‍ॅट्रिब्यूट आहेत असं समजा. आय शून्य: एसआरसी, राहू दे. आय एक: ऑनएरर, काढला. ऑनलोड सरकून एकावर आला. आय दोन, लेंग्थ दोन, लूप संपला. ऑनलोड शाबूत. हल्लेखोराला एवढंच करायचं असतं की खऱ्या हँडलरच्या आधी एक बळीचा बकरा हँडलर ठेवायचा. धागाकर्त्यांच्या पानावर तीन डिव्ह उरले तर ते डोळ्यांना दिसतात. इथे उरलेला अ‍ॅट्रिब्यूट कोणालाच दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये परका कोड चालतो.

एकच 'ऑन' असलेली टेस्ट यात नेहमी पास होते. टेस्टमध्ये शेजारीशेजारी दोन घाला. आणि खरं सांगायचं तर सॅनिटायझर स्वतः लिहूच नका, डॉमप्युरिफायसारखी तपासून निघालेली लायब्ररी वापरा.

उलट_मोजणी:

डॉमप्युरिफायच्या कोडमध्ये अ‍ॅट्रिब्यूट्सवरचा लूप शेवटाकडूनच सुरू होतो, हे नमूद करतो. :)

पहारा:

बरोबर, आणि तिथे तो योग्यच आहे, कारण एक अ‍ॅट्रिब्यूट काढल्याने दुसरा आपोआप जात नाही.

पण उलटा लूप सगळीकडे चालतो या दाव्याला लोकलस्टोरेज (ब्राउझरमधला की आणि किमतींचा साठा) हा अपवाद. 'ड्राफ्ट'ने सुरू होणाऱ्या कीज काढायच्या म्हणून लेंग्थ वजा एकपासून खाली येत की(आय) विचारायचं आणि रिमूव्हआयटम करायचं, असा कोड मी पाहिलाय. कीजचा क्रम काय असेल हे प्रमाणाने ब्राउझरवर सोपवलंय, आणि तो क्रम कायम राहण्याची हमी कीजची संख्या बदलत नाही तोवरचीच आहे. एक काढली की हमी संपली. उलट्या लूपला जो आधार लागतो, की मागचे सरकले तरी पुढचे जागचे हलत नाहीत, तोच इथे नाही. ऑब्जेक्ट.कीज लावून सगळी नावं आधी अ‍ॅरेमध्ये घ्या, मग काढा.

उलट_मोजणी:

हे मान्य करावंच लागेल. 'सगळीकडे' हा शब्द मागे घेतो.

नवी_पालवी:

माझा प्रश्न थोडा वेगळा. फाइल अपलोडच्या इनपुटमध्ये एकावेळी पाच फाइल्स निवडता येतात. प्रत्येक नावापुढे फुली ठेवलीय, ती दाबली की तेवढी एक फाइल गाळायची आहे. इनपुटच्या फाइल्सवर स्प्लाइस चालत नाही हे या धाग्यामुळे कळलं. अ‍ॅरे.फ्रॉमने प्रत करून त्यातून काढली, पण फॉर्म सबमिट केला की पाचही जातात.

कडेलोट:

कारण तुम्ही प्रतीतून काढली, इनपुटमधून नाही. डॉमच्या बाबतीत प्रतीवरचा रिमूव्ह खऱ्या एलिमेंटवर जातो म्हणून प्रत पुरते. फाइललिस्टला काढण्याची सोयच नाही, आणि स्क्रिप्टने फाइललिस्ट थेट बनवताही येत नाही.

मार्ग असा: नवा डेटाट्रान्सफर (फाइल्स धरू शकणारं ब्राउझरचं ऑब्जेक्ट) बनवा. जुन्या फाइल्सवर फिरा आणि गाळायची सोडून बाकी प्रत्येक त्याच्या आयटम्समध्ये अ‍ॅड करा. मग इनपुटच्या फाइल्सला डेटाट्रान्सफरच्या फाइल्स द्या. आता फॉर्म सबमिट केला तर चारच जातील. सगळ्याच काढायच्या असतील तर इनपुटची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग केली की झालं.

फुलीला क्रमांक बांधू नका. पहिली फाइल गेल्यावर बाकीच्यांचे क्रमांक बदलतात आणि दुसऱ्यांदा भलतीच फाइल गळते. फुलीच्या हँडलरमध्ये फाइल ऑब्जेक्टच धरून ठेवा आणि तुलना त्याच्याशी करा.

नवी_पालवी:

चाललं! क्रमांकाचं तर माझ्या कोडमध्ये तसंच होतं. खूप आभार.

घटकराज्य:

क्रमांकाचा हाच मुद्दा रिअ‍ॅक्टमध्येही जसाच्या तसा येतो, म्हणून अवांतराबद्दल क्षमा मागून लिहिते. ती पडदा स्वतः ताजा ठेवणारी लायब्ररी आहे, तिथे डॉममधून हाताने काही काढायचं नसतं. स्टेटमधल्या अ‍ॅरेवर फिल्टर लावून नवा अ‍ॅरे द्यायचा. हाताने काढलं तर रिअ‍ॅक्ट नंतर तोच नोड काढायला जातं आणि रिमूव्हचाइल्डचा एरर येतो. पण फिल्टर बरोबर लिहूनही ओळींना की म्हणून अ‍ॅरेतला क्रमांक दिला असेल तर मधली ओळ काढल्यावर शेवटची ओळ नाहीशी झाल्यासारखी दिसते, आणि काढलेल्या ओळीच्या बॉक्समधला मजकूर तिच्या जागी आलेल्या ओळीत राहतो. डेटा बरोबर, पडदा चूक. नोंदीचा स्वतःचा आयडी द्या.

पाऊलखुणा:

जेक्वेरी लायब्ररीत यातलं काही करावं लागत नव्हतं. डॉलर, सिलेक्टर, रिमूव्ह.

जुना_ब्राउझर:

कारण जेक्वेरी स्वतःची स्टॅटिक यादी बनवायचं, म्हणजे मुक्ता म्हणतात ती प्रतच. फक्त ती आत दडलेली होती. रिमूव्ह केल्यावरही त्या जेक्वेरी ऑब्जेक्टची लेंग्थ तेवढीच राहते. क्वेरीसिलेक्टरऑलच्या यादीचंही तसंच. अशी यादी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून दिली तर पानावरून गेलेले एलिमेंट मेमरीत पडून राहतात. डेव्हटूल्सच्या मेमरी टॅबमध्ये 'डिटॅच्ड' असा शोध घेतला की ते दिसतात. प्रत फंक्शनच्या आतच घ्या, म्हणजे काम संपल्यावर तीही जाते.

आर्ग्युमेंट्स हे तसंच जुनं अ‍ॅरेसारखं ऑब्जेक्ट. त्यावर शिफ्ट कॉलने चालतं, पण स्ट्रिक्ट नसलेल्या फंक्शनमध्ये ते पॅरामीटरना बांधलेलं असतं. पहिलं आर्ग्युमेंट काढलं की पहिल्या पॅरामीटरमध्ये दुसऱ्याची किंमत येऊन बसते. रेस्ट पॅरामीटर (आधी तीन टिंबं लिहिलेला) घ्या, तो खरा अ‍ॅरे असतो.

ड्रॉपडाउन:

सिलेक्टच्या ऑप्शन्सबद्दल कोणीच बोललं नाही! अ‍ॅरेसारख्यांत हे एकमेव लाडकं अपत्य आहे. ऑप्शन्सची लेंग्थ शून्य केली की सगळे पर्याय जातात. एखाद्या जागी नल दिलं की तो पर्याय जातो. क्रमांक देऊन रिमूव्हही आहे.

सावधगिरी एकच. सिलेक्टवर रिमूव्ह क्रमांकासह लिहिलं तर पर्याय जातो, कंस रिकामा ठेवला तर अख्खा सिलेक्टच पानावरून जातो. एकाच नावाची दोन कामं.

टेबलच्या बाबतीत डिलीटरो आहे, वजा एक दिला की शेवटची ओळ जाते. पण टेबलच्या रोजमध्ये टीहेडच्या ओळी सगळ्यात आधी येतात, तेव्हा शून्यावरची ओळ म्हणजे बहुतेकदा शीर्षकच. डेटाच्या ओळी हव्यात तर टीबॉडीवरून मोजा.

शून्यापासून (धागाकर्ता):

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. नियमाचा मसुदा असा केलाय, चुका दाखवा:

सगळी मुलं काढायची असतील तर लूप नाही, रिप्लेसचिल्ड्रन. निवडक काढायची असतील तर क्वेरीसिलेक्टरऑल आणि फॉरईच. यादी दुसरीकडून आली असेल, म्हणजे चिल्ड्रन, चाइल्डनोड्स, अ‍ॅट्रिब्यूट्स, क्लासलिस्ट किंवा लोकलस्टोरेज, तर आधी अ‍ॅरेमध्ये प्रत आणि मग काढणं. काढणाऱ्या लूपमध्ये अंक वापरायचा नाही. टेस्टमध्ये काढायचे किमान दोन एलिमेंट शेजारीशेजारी हवेत.

मुक्ता:

शेवटचं वाक्य सगळ्यात वर घ्या. बाकीचं विसरलं तरी ती टेस्ट पकडेल.

उलट_मोजणी:

मला मसुदा मान्य. जुन्या कोडमध्ये जिथे उलटा लूप नीट चालतोय तिथे उगाच बदल करू नका, एवढी एक ओळ घाला.

पहारा:

एक भर. काढायच्या एलिमेंटमध्ये फॉर्म असू शकत असेल तर थेट रिमूव्हवर विसंबू नका. फॉर्मच्या आत नेम 'रिमूव्ह' असं असलेलं बटण असेल तर फॉर्म.रिमूव्ह लिहिल्यावर फंक्शनऐवजी ते बटण मिळतं आणि टाइपएरर येतो. फॉर्मच्या लेंग्थचं आणि अ‍ॅट्रिब्यूट्सचंही तसंच, म्हणून सॅनिटायझरमध्ये हे जास्त घातक. फॉर्म असेल तिथे एलिमेंटच्या प्रोटोटाइपवरचा रिमूव्ह कॉलने लावा.

शून्यापासून (धागाकर्ता):

घातलं. आमच्या एका फॉर्ममध्ये नेम 'रिमूव्ह' असलेलं बटण खरंच आहे, ते आजच बदलतोय.